सांगली ते शिकागो, आडवं पडून

बिझनेस क्लासनं अमेरिकेला जाऊन आले तेव्हापासून विश्रामबागेत भेटेल ती बाई पहिला प्रश्न विचारते, जेवायला काय काय असतं हो? दुसरा प्रश्न, दारू खरंच फुकट असते का, आणि हा विचारतात पण बायकाच, घरी जाऊन नवऱ्याला सांगायला. झोप लागली का, पाय सुजले का, हे एकीनंही विचारलं नाही आणि मी तर गेले होते त्याच्यासाठीच. जेवणाचं सांगते, पण ओळीनं सांगते.

माझे दोन्ही गुडघे बदललेत. मिरजेला केले, ऑपरेशन छान झालं, जिना चढते, मंडईतनं पिशवी घेऊन येते, खाली मांडी घालून बसणं सोडलं तर सगळं होतं. त्याच्या आधी एकदा अमेरिकेला जाऊन आलो होतो, तेव्हा जुनेच गुडघे होते आणि सीट मिळाली होती मधली, खिडकीकडं एक पोरगा जो मुंबईला झोपला तो उतरतानाच उठला, आणि अलीकडं एक काका, त्यांना उठवायचं म्हणजे आधी त्यांचा लॅपटॉप, मग ट्रे, मग अंधारात त्यांची चप्पल शोधायची. कंपनीचं नाव घेत नाही, कमीजास्त सगळीकडं तसंच असतं. इकॉनॉमीत पुढच्या सीटपासून आपल्या सीटपर्यंतचं अंतर ३१-३२ इंच, त्यात आपण स्वतः बसायचं, पुढच्यानं सीट मागं टाकली की गुडघा सरळ करायचा विषयच संपला. उतरताना पाय चपलेत जाईनात म्हणून मी शिकागोच्या विमानतळावर टाचा बाहेर ठेवून चालले होते.

ह्या वेळी लेकीचं बाळंतपण होतं त्यामुळं न जाऊन चालणार नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, जा की, तीन महिने कधीच उलटून गेलेत, पण तासन्‌तास गुडघा एकाच कोनात ठेवून बसू नका, तासातासाला उठून चाला, घट्ट सॉक्स घाला, पाणी पीत राहा. लांबच्या प्रवासात बसून बसून पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. आणि जाता जाता म्हणाले, झोपून जाता आलं तर उत्तमच. त्यांनी सहज म्हटलं असेल, पण लेकीनं फोनवर ते ऐकलं आणि धरून बसली.

आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीला, अख्खा जन्म सौद्यात गेला, आता दुकान पुतण्या बघतो पण हे रोज जाऊन बसतात. त्यांनी गावातल्या एजंटाकडं बिझनेस क्लासचा भाव विचारला. जाऊन येऊन साडेतीन-चार लाखाच्या घरात, एकाचे. हे काही बोलले नाहीत, घरी आले, पाणी प्याले आणि मग म्हणाले, पंचवीस-तीस क्विंटल राजापुरी हळद होते एवढ्यात. आमचा भाचा सीए आहे, तो म्हणाला, मामा, इकॉनॉमीच्या तिकिटाला जीएसटी ५ टक्के, बिझनेसला आधी १२ होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय. झालं, विषय बंद. मीपण काही बोलले नाही, खरं सांगायचं तर एवढे पैसे बसायच्या जागेला घालायचे हे मलाच पटत नव्हतं.

मग लेकीनं पॉइंट काढले. तिकडं लोक भाजीपासून विम्यापर्यंत सगळं क्रेडिट कार्डावर घेतात आणि त्याचे पॉइंट साठत जातात, ते विमान कंपनीकडं वळवले की त्यातनं तिकीट निघतं. कतार एअरवेजनं २०२२ पासून एव्हिऑस नावाचे पॉइंट चालू केलेत, ब्रिटिश एअरवेजचेही तेच, त्यामुळं इकडचे तिकडं करता येतात. पूर्ण फुकट नसतं बरं का, टॅक्स आणि इतर आकार रोखीनं भरावे लागतात. आणि मुख्य म्हणजे पॉइंटवर कंपनी फार सीटा सोडत नाही. लेक रोज रात्री बघत बसायची, शेवटी आमच्या तारखांच्या आसपास सीट सापडली पण एकच, आणि तीही जातानाची. येतानाची दोघांची आणि ह्यांची जातानाची साधी इकॉनॉमी, पैसे भरून. ती भीत भीत म्हणाली, बाबा, तुम्हाला मागं बसावं लागेल. हे म्हणाले, अगं मी काय पुढं बसून विमान चालवणार होतो काय, तुझ्या आईला घाल पुढं.

ह्या सगळ्यात ह्यांना मनापासून आवडलेली गोष्ट एकच. अमेरिकेच्या मार्गावर इकॉनॉमीला २३ किलोच्या दोन बॅगा आणि बिझनेसला ३२ किलोच्या दोन. म्हणजे दोघांचे मिळून ११० किलो. हे कळल्यावर चेहरा असा खुलला की बास. बॅगा यार्डात नेऊन दुकानाच्या काट्यावर मोजल्या, ग्रॅमपर्यंत. हळद, बेदाणा, भडंग, मेतकूट, डिंक, खारीक, दोन प्रकारची चटणी, बाळाच्या दुपट्यांना त्यात जेमतेम जागा मिळाली.

मुंबईला गाडीनंच गेलो. पेठ नाका, कराड, साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला थांबलो, खंबाटकी, मग पुण्यात अडकलो ते अडकलोच, पुढं एक्स्प्रेसवे. जवळपास पावणेचारशे किलोमीटर. आणि गंमत बघा, सगळ्या प्रवासात माझे गुडघे सगळ्यात जास्त दुखले ते ह्या गाडीत. विमानासाठी लाख-लाखाचा हिशोब केला पण सांगली ते मुंबई आडवं पडून कसं जायचं ह्याचा विचार कुणी केला नाही, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस होती की, बर्थवर झोपून आले असते, पण बॅगा!

आता व्हीलचेअरचं नीट वाचा, कारण हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. व्हीलचेअर कुठल्याही क्लासच्या तिकिटाला मिळते, फुकट मिळते, फक्त तिकीट काढताना नाहीतर निदान दोन दिवस आधी कळवून ठेवायचं. त्यात पण प्रकार असतात, ज्यांना लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात ते वेगळे, ज्यांना पायऱ्याही जमत नाहीत ते वेगळे, आणि ज्यांना सीटपर्यंत न्यावं लागतं ते वेगळे. माझं पहिल्या प्रकारातलं. मुंबईच्या टर्मिनल २ ला दारापासून विमानापर्यंतचं चालणं काय आहे हे गेलेल्यालाच माहीत, भिंतीवर ती सगळी जुनी शिल्पं, लाकडी काम, कमानी लावल्यात, बघण्यासारखं आहे सगळं, पण बसून बघायला जास्त छान वाटलं. ह्यांनी व्हीलचेअर मागितली नव्हती, पण माझ्या खुर्चीबरोबर ह्यांनाही पुढं सोडलं, चेक-इनला वेगळी रांग, इमिग्रेशनला कडेनं. तेव्हा हे माझ्या कानात म्हणाले, तुझ्या बिझनेसपेक्षा ही खुर्चीच भारी आहे. खोटं नव्हतं त्यात काही.

सिक्युरिटीत मात्र क्लास बीस काही चालत नाही. गुडघ्यात धातू, त्यामुळं दारातनं गेले की टुंईंक. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवलं, बाईंनी वाचलं, मान डोलावली आणि तरी पडद्यामागं नेऊन हातानं तपासलंच. तपासायलाच पाहिजे, चिठ्ठी काय कुणीही आणेल. गुडघे बदललेल्यांनी सैल सलवार घालावी, व्रण दाखवायची वेळ आली तर साडी सावरत बसावं लागत नाही.

मुंबई ते दोहा हा पहिला टप्पा पहाटेचा. पुढं बसले, गरम ओला टॉवेल दिला, सरबत दिलं, नावानं हाक मारून चौकशी केली. सगळं छान, पण खरं सांगू का, हा टप्पा बिझनेसनं गेला काय आणि इकॉनॉमीनं गेला काय. साडेतीन-चार तासांचं उड्डाण, वर जाण्यात, खाण्यात आणि खाली येण्यात संपतं, मध्ये डोळा लागतो न लागतो तोवर पट्टे बांधा. पैसे भरून जाणाऱ्यानं ह्या टप्प्यावर चार दमड्या पण जादा घालू नयेत असं माझं स्वच्छ मत आहे.

दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. हमाद विमानतळ २०१४ साली चालू झाला, मधोमध एक अवाढव्य पिवळं अस्वल बसवलंय, डोक्यात दिवा घुसवलेलं, ते बघून ह्यांनी पहिला प्रश्न केला, ह्याचा उपयोग काय? आतमध्ये खरीखुरी झाडं लावून बाग पण केलीय. माझ्या तिकिटावर लाउंज होता, अल मुरजान नावाचा, ह्यांच्या तिकिटावर नव्हता आणि माझ्याबरोबर पाहुणा चालत नव्हता, नियम म्हणजे नियम. मला काही एकटीनं तिथं बसून खाणं जमेना. पण लेकीनं बजावलं होतं की आई, अंघोळ करून घे. तेवढं केलं, गरम पाण्याचा शॉवर, पांढरेशुभ्र टॉवेल, रात्रभर जागलेल्या अंगावर ते पाणी पडलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हां, ह्यात काहीतरी आहे. बाहेर आले तर हे अस्वलाच्या पायाशी बसून एका केरळी माणसाशी हळदीच्या भावावर बोलत होते, इरोडच्या बाजाराचं काय, निजामाबादचं काय. भाषा कुठली चालली होती देव जाणे.

दोह्याहून शिकागो, चौदा-पंधरा तास. खरी गोष्ट इथनं पुढं.

ते बोइंग ७७७ विमान होतं आणि सीटला क्यूस्वीट म्हणतात, कतारनं २०१७ साली आणली. एका ओळीत चारच सीटा, कडेला एकेक, मध्ये दोन, आणि प्रत्येकीला सरकतं दार. आपल्याकडच्या स्लीपर ट्रॅव्हल्सचा बॉक्स असतो ना, तसंच, फक्त बॉक्स स्वच्छ, उशी गुबगुबीत आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. मला आलेली सीट उलटी होती, म्हणजे तोंड विमानाच्या शेपटीकडं. त्यात एक सुलट एक उलट अशीच रचना असते, जागा वाचवायला. उडताना पाठीमागं रेलायच्या ऐवजी माणूस पुढं पट्ट्यावर झुकतो, क्षणभर पोटात गोळा येतो, मग काही वाटत नाही. ज्यांना एस्टीत उलटं बसलं की मळमळतं त्यांनी सीट निवडताना सुलटी मागून घ्यावी.

बटणांचं एक पॅनेल असतं. एक दाबलं की पाय वर, एक दाबलं की पाठ खाली, सगळी दाबून बघितली. शेवटी ती मुलगी आली, फिलिपिन्सची होती बहुतेक, इतकी गोड, म्हणाली मॅडम तुम्ही जरा बाजूला थांबा, मी अंथरूण घालते. गादी घातली, दुलई घातली, अंधार केला. पायजमा-टीशर्ट दिला होता, तो संडासात जाऊन बदलून आले. आणि हो, संडास! पुढचा असला तरी तेवढाच असतो हो, कोपरं आपटतातच, एवढ्या लाखाच्या तिकिटात मला वाटलं होतं निदान वळायला जागा देतील. फरक एवढाच की बाहेर रांग नसते आणि आत ओलं नसतं.

मग आडवी झाले. साडेसहा फूट लांबीचा बिछाना, मी पाच फूट एक इंच. दोन्ही पाय सरळ. गुडघ्याखाली लेकीनं सांगितल्यासारखी छोटी उशी घेतली. मला वाटलं होतं नवलाईनं झोप यायची नाही, इकडंतिकडं बघत बसेन, पण दार सरकवल्याचं आठवतंय त्यानंतर एकदम जाग आली ती नकाशावर खाली ग्रीनलंडच्या आसपास काहीतरी दाखवत होतं. तोंड कोरडं पडलेलं, ओठ फुटलेले. ते होतंच, विमानातली हवा प्रचंड कोरडी असते, आपल्या मार्च-एप्रिलच्या दुपारपेक्षा कोरडी. शिवाय आतला दाब जमिनीवरचा नसतो, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फूट म्हणजे बघा. त्यामुळं तोंड सुकतं, पोट फुगतं, आणि ह्यातलं काहीही बिझनेसला कमी नसतं, हवा पुढं-मागं तीच. पाणी मागून मागून प्यायचं, तेवढाच उपाय. चहा-कॉफीनं भागवू नये, आणि फुकट आहे म्हणून वाईननं तर नकोच, हे ज्यांनी विचारलं होतं त्यांच्या नवऱ्यांना सांगा.

आता जेवण. क्यूस्वीटमध्ये जेवणाची वेळ आपण ठरवायची, हवं तेव्हा हवं ते मागायचं. मेन्यूकार्ड देतात, टेबलावर पांढरा कपडा घालतात, खरीखुरी काचेची भांडी, धातूचे काटेचमचे, शेजारी बॅटरीवरचा छोटा दिवा. मी आधीच भारतीय शाकाहारी जेवण सांगून ठेवलं होतं, तिकिटावर त्याला एव्हीएमएल म्हणतात, जैन असेल तर व्हीजेएमएल, निदान २४ तास आधी सांगावं लागतं. पनीर, डाळ, भात, कोशिंबिरीसारखं काहीतरी, आणि त्याआधी अरबी पद्धतीची हरभऱ्याची चटणी आणि रोटी. चांगलं होतं, वाईट म्हणणार नाही, पण मीठ-तिखट लागत नव्हतं. तेही त्या हवेचंच, वर गेल्यावर जिभेला मीठ आणि गोड कमी कळतं, शिवाय नाक कोरडं, मग वास कुठला यायला. हे मला लेकीनं आधीच सांगितलं होतं म्हणून पर्समध्ये शेंगांच्या चटणीची पुडी ठेवली होती. त्या पांढऱ्या कपड्यावर पुडी सोडली, भातावर घेतली, आणि मग जेवल्यासारखं वाटलं. ती मुलगी वास घेऊन विचारायला लागली हे काय आहे, तिलापण चमचाभर दिली, तिनं दोन ग्लास पाणी प्यालं. त्यांच्याकडचा करक चहा मात्र एक नंबर, वेलची घातलेला, दाट, आपल्या बासुंदी चहाच्या जवळ जाणारा. अरबी कॉफी आणि खजूरही देतात, ती कॉफी मला काढ्यासारखी वाटली.

पोट भरल्यावर ह्यांची आठवण झाली, म्हणजे आधीही झाली होती पण आता जास्त. मनात आलं, आपण इथं दुलईत आणि ते बिचारे मागं गुडघे पोटाशी घेऊन. चालायचं तर होतंच तासातासाला. पडदा सारून मागं गेले, पुढच्याला मागं जाऊ देतात, मागच्याला पुढं येऊ देत नाहीत. अंधार, सगळीकडं माना वाकड्या झालेली माणसं, कुणाचे पाय वाटेत, एक लहान बाळ रडतंय आणि आई उभी राहून झुलवतेय. ह्यांच्या सीटवर हे नाहीत. संडासापाशी बघितलं, नाहीत. काळजात धस्स झालं. मग अगदी मागच्या भागात, मधल्या चार सीटांची एक ओळ रिकामी, सीटांचे मधले हात वर केलेले, तीन उशा, दोन ब्लँकेट, आणि आमचे हे उताणे, तोंड उघडं, घोरणं चालू. इंजिनाच्या आवाजात ते घोरणं मला ऐकू आलं म्हणजे केवढं असेल.

हलवून उठवलं. डोळे न उघडता म्हणाले, काय गं, पुढं जागा नाही का?

नंतर सगळं कळलं. विमान बरंच रिकामं होतं, दारं बंद झाल्यावर ह्यांनी उभं राहून एकदा मागंपर्यंत नजर टाकली, यार्डात सौद्याच्या आधी ढिगांवरनं टाकतात तशी, आणि क्रूला विचारून सरळ ती ओळ धरली. शिवाय ह्यांचंही जेवण एव्हीएमएल, आणि स्पेशल जेवण आधी वाटतात, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांच्या आधी ह्यांना ताट आलं. ह्यांचा समज असा झाला की वयाला मान दिला. तो समज मी अजून मोडलेला नाही.

म्हणजे बघा, मी लेकीच्या इतक्या वर्षांच्या साठवलेल्या पॉइंटांवर आडवी, आणि हे फुकटात आडवे. दोघांनाही सारखीच झोप लागली. दार, दिवा, पांढरा कपडा, पायजमा ह्याच्याशिवाय ह्यांचं काहीही अडलं नाही. तो पायजमा तर शेवटी ह्यांनीच घेतला, आता सकाळी आमराईत फिरायला तोच घालून जातात, आणि कुणी विचारलं तर सांगतात, विमानातला आहे, बिझनेसचा.

शिकागोला उतरले तेव्हा सॉक्सचे वळ होते पण पाय चपलेत गेले. सूज होती, थोडी, बोटानं दाबलं तर खड्डा पडण्याइतकी नाही. पुढचे दोन दिवस मी बाळंतिणीचं करू शकले, हे माझ्या हिशोबानं त्या सीटचं मोल. आदल्या खेपेला मीच दोन दिवस सोफ्यावर पाय वर करून पडले होते आणि लेकच मला चहा करून देत होती. इमिग्रेशनला मात्र पुढचे-मागचे सगळे एकच, बिझनेसवाले सूटबूटवाले पण त्याच नागमोडी रांगेत. तिथं परत व्हीलचेअरनं तारलं. कस्टमला जे आहे ते सगळं सांगितलं, हळद, बेदाणा, चटण्या, लपवलं आणि सापडलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर काढून घेतात. अधिकाऱ्यानं बॅग उघडली, हळदीचा वास आला तसा दोन पावलं मागं सरकला आणि जा म्हणाला. ह्यांना ते लागलं. इतक्या चांगल्या मालाला.

येतानाचं थोडक्यात सांगते. दोघंही इकॉनॉमीत, आणि विमान गच्च. मी आधीच कडेची सीट मागून घेतली होती, संडासाच्या फार जवळ नाही आणि फार लांब नाही अशी, तासातासाला उठत होते, मागं क्रूच्या जागेपाशी जाऊन टाचा वर-खाली करत होते, त्यामुळं माझं बऱ्यापैकी निभावलं. हाल झाले ते ह्यांचे. बसल्या बसल्या उभं राहून मागंपर्यंत नजर टाकली, एकही सीट रिकामी नाही. मधली सीट, शेजारी धिप्पाड माणूस, हात ठेवायला जागा नाही.

त्याआधी शिकागोला काउंटरवर एक प्रकार झाला होता. चेक-इन करताना त्या बाईनं सांगितलं की पुढं एक सीट शिल्लक आहे, अपग्रेड हवं असेल तर इतके डॉलर. ह्यांनी आकडा ऐकला, मनातल्या मनात रुपये केले, मग क्विंटल केले, आणि सौद्यात बोलतात त्या सुरात म्हणाले, शेवटचं किती? ती बाई हसली. म्हणाली, सर, हेच शेवटचं. हे म्हणाले, विमान सुटायला आलंय, सीट रिकामी गेली तर तुम्हाला काय मिळणार? मुद्दा बरोबर होता, पण कॉम्प्युटर ऐकत नाही ना. मी ह्यांना ओढून नेलं.

दोह्याला उतरेपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. कमरेत लचक भरली होती. मुंबईहून गाडीत बसलो, कराड गेलं, आणि पेठ नाक्यापाशी एकदम म्हणाले, ते पॉइंट कसे साठवतात गं?

आता ज्या माणसानं आयुष्यभर रोखीनं नाहीतर चेकनं व्यवहार केला, क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी आणि उधारी म्हणजे बुडणं असं पुतण्याला शिकवलं, तो माणूस गेल्या आठवड्यात बँकेत जाऊन कार्डाचा फॉर्म भरून आलाय. मॅनेजरला विचारलं, शेतकऱ्यांच्या हळदीच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, कार्डावर दिल्या तर किती पॉइंट पडतील. मॅनेजर म्हणाला, काका, शेतकरी कार्ड घेणार नाही. मग ह्यांनी हिशोब लावला की गाडीचं डिझेल कार्डावर भरायचं. भाच्यानं सांगितलं, मामा, पेट्रोल-डिझेलवर बहुतेक कार्डं पॉइंटच देत नाहीत. आता यार्डातल्या सगळ्यांचे लाइट बिल आणि विम्याचे हप्ते मी भरतो, तुम्ही मला रोख द्या, असं हे शेजारच्या गाळेवाल्यांना पटवायलेत. दोघं तयार झालेत म्हणे.